नीटची बायोलॉजी : आधी काय उरकायचं?
नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेत ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोलॉजीचे असतात, त्यामुळे पहिल्या धड्यापासून ओळीने वाचत बसू नका, वेळ पुरत नाही. आधी जेनेटिक्स आणि ह्युमन फिजिऑलॉजी घ्या, कारण ते समजायलाच वेळ लागतो, मग इकॉलॉजी, तो भाग तसा सोपा आहे पटकन होतो. प्लांट किंगडम, ॲनिमल किंगडमची उदाहरणं मात्र रोज थोडी थोडी, एकदम पाठ केली की हमखास विसरतात. आणि एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळ न् ओळ वाचा हो, आकृत्यांसकट! उदाहरणार्थ, मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या लूपची (नळीच्या वळणाची) उतरती बाजू पाणी सोडते, चढती सोडत नाही, एवढ्याशा उलटापालटीत ४ मार्क जातात, वर १ कापला जातो.