सेस्ना १७२ चा वर्षाचा खर्च : विमान घेण्यापूर्वी हिशेब कसा मांडावा

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना हाती आल्यावर भाड्याच्या विमानासाठी आठवडे आधी वेळ राखून ठेवण्याचा लवकरच कंटाळा येतो आणि विक्रीला निघालेल्या जुन्या सेस्नांच्या जाहिराती चाळणे सुरू होते. या जाहिरातींत किंमत ठळक छापलेली असते; विमान दरवर्षी किती पैसे मागेल, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. तो आकडा ज्याचा त्यानेच काढायचा असतो, आणि तो विमान पाहायला जाण्याच्या आधी काढावा, कारण एकदा त्यात बसून चक्कर मारली की माणूस हिशेब आपल्या सोयीने वाकवू लागतो.

उदाहरणासाठी आपण १९७५ चे सेस्ना १७२ एम घेऊ. १७२ या जातीची ४४,००० हून अधिक विमाने आजवर बनली आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि हे विमान आतून-बाहेरून ओळखणारे मेकॅनिक यांची उणीव भासत नाही. एम मॉडेलमध्ये लायकॉमिंगचे ओ-३२० ई२डी हे १५० अश्वशक्तीचे इंजिन असते. विमानाची किंमत ८०,००० डॉलर समजू. पुढचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या विमानतळावर चौकशी करून ते बदलावेत, रीत मात्र तीच ठेवावी.

विमान उडाले नाही तरी लागणारा पैसा

पहिला खर्च जागेचा. उघड्यावर दोरांनी बांधून ठेवण्याची जागा, म्हणजे टाय-डाउन, स्वस्त पडते. हँगरला, म्हणजे विमानाच्या बंदिस्त शेडला, तिच्या कितीतरी पट भाडे लागते आणि मोठ्या शहरांभोवती त्यासाठी प्रतीक्षायादी असते. उन्हाने विटणारा रंग, तडकणारी प्लास्टिकची आतली सजावट, गारा आणि दमट हवेतला गंज यांचा विचार केला तर हँगरचे भाडे पुष्कळदा वसूल होते. गारपीट होणाऱ्या टेक्सास-ओक्लाहोमासारख्या पट्ट्यात हँगर मिळत नसेल, तर मी विमान घेणेच पुढे ढकलेन. उदाहरणात हँगर दरमहा ३५० डॉलर, म्हणजे वर्षाला ४,२०० धरू.

दुसरा खर्च विम्याचा. पॉलिसीचे दोन भाग असतात : दुसऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी आणि खुद्द विमानाचे मूल्य. जबाबदारीच्या भागात एकूण १० लाख डॉलर आणि प्रत्येक प्रवाशामागे १ लाख, अशी मर्यादा सर्रास आढळते. यातली प्रवाशामागची मर्यादा नीट वाचावी, कारण दहा लाखांचा आकडा पाहून निश्चिंत झालेल्या मालकाच्या शेजारी त्याचीच पत्नी किंवा मित्र बसलेला असतो. मूल्याच्या भागात विमानाची खरी बाजारभावाची किंमत लिहावी. हप्ता वाचवण्यासाठी ती कमी लिहिली, तर मध्यम स्वरूपाच्या अपघातातही दुरुस्ती परवडत नाही असे ठरवून कंपनी तेवढी रक्कम देते आणि विमान आपल्या ताब्यात घेते. हप्ता वैमानिकाचे एकूण तास, त्या जातीच्या विमानातले तास आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याची पात्रता) यांवर ठरतो. आपण १,५०० धरू. नव्या परवानाधारकाने पहिल्या वर्षी याहून बराच जास्त धरावा.

मालमत्ता कर राज्याराज्यांत वेगळा असतो आणि काही राज्यांत तो नसतोच. कॅलिफोर्नियात काउंटीचा असेसर, म्हणजे कर-आकारणी अधिकारी, १ जानेवारीची स्थिती पाहून विमानावर कर बसवतो. तिथे एक सवलत फार थोड्यांना ठाऊक असते : ३५ वर्षांहून जुने, व्यवसायासाठी किंवा नेहमीच्या प्रवासासाठी न वापरलेले विमान वर्षातून किमान १२ दिवस लोकांना पाहायला ठेवले, तर ऐतिहासिक विमान म्हणून करमाफीसाठी अर्ज करता येतो, आणि १९७५ चे विमान या वयोमर्यादेत सहज बसते. हिशेबात ८०० डॉलर धरू. माफी मिळाली तर ते वजा करावेत. एफएए या अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेकडची नोंदणी आता सात वर्षांतून एकदा करायची असून तिचे शुल्क नाममात्र आहे. रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची तपासणी दर २४ महिन्यांनी करावी लागते, आणि ढगांतून उपकरणांच्या आधाराने उडायचे असेल तर अल्टिमीटर (उंचीमापक) व त्याला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणारी स्टॅटिक यंत्रणा यांचीही त्याच मुदतीत. दोन्ही मिळून वर्षाला २५० पुरावेत. जीपीएसचा डेटाबेस आणि टॅब्लेटवरचे नकाशे यांची वर्गणी ५००.

ॲनुअल

नव्या मालकाचा सगळ्यात मोठा अंदाज इथेच चुकतो. दर १२ कॅलेंडर महिन्यांत विमानाची संपूर्ण तपासणी व्हावी लागते; तिलाच ‘ॲनुअल’ म्हणतात. मार्चमध्ये कोणत्याही तारखेला झालेली तपासणी पुढल्या मार्चअखेरपर्यंत चालते. तिच्यावर सही करण्याचा अधिकार सर्वच मेकॅनिकांना नसतो; इन्स्पेक्शन ऑथोरायझेशन असलेल्या, म्हणजे ज्याला सगळे ‘आयए’ म्हणतात, अशा मेकॅनिकलाच तो असतो. चौकशी केली तर मेकॅनिकचे दुकान एक ठरावीक दर सांगते, समजा १,५०० डॉलर, आणि नवा मालक तोच आकडा वहीत लिहितो. पण तो दर केवळ उघडून पाहण्याचा असतो. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) आणि तपासणीची झाकणे काढायची, प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून त्यातली किती टिकते ते पाहायचे, केबल व पुल्या तपासायच्या, लागू असलेल्या सुरक्षा-आदेशांची पूर्तता लॉगबुकशी ताडायची. सेस्नाच्या खुर्च्यांच्या रुळांची झीज मोजणे हे याच आदेशांपैकी एक, कारण रूळ झिजले तर ऐन उड्डाणाच्या वेळी वैमानिकाची खुर्ची मागे घसरू शकते. यातून जे दोष निघतील त्यांच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे. म्हणून तपासणीचे १,५०० आणि दुरुस्तीची वार्षिक सरासरी २,००० मिळून ३,५०० धरावेत, आणि खरेदीनंतरच्या पहिल्या ॲनुअलसाठी दुरुस्तीची रक्कम दुप्पट ठेवावी. आधीच्या मालकाच्या ओळखीच्या मेकॅनिकने वर्षानुवर्षे ज्याकडे काणाडोळा केला, ते सगळे नव्या मेकॅनिकच्या यादीत एकदम उगवते.

दुकानाला विमान देताना दोन गोष्टी लेखी ठरवाव्यात. अमुक रकमेपुढचे कोणतेही काम फोन केल्याशिवाय करू नये, आणि दोषांची यादी देताना उड्डाणयोग्यतेला बाध आणणारे दोष वेगळे व केवळ सुचवलेली कामे वेगळी लिहावीत. यादीतला खर्च अवाजवी वाटला तर आयएने दोषांसह तपासणी पूर्ण झाल्याची नोंद करावी आणि दुरुस्ती दुसऱ्या परवानाधारक मेकॅनिककडून करून घ्यावी, ही मुभा नियमांत आहे. पुष्कळ आयए मालकाला हाताशी घेऊन काम करतात. झाकणे काढणे, धुणे-पुसणे, पुन्हा बसवणे ही मजुरी त्यातून वाचते आणि विमानाची अंतर्बाह्य ओळख होते, जी पैशापेक्षा मोलाची आहे.

वर्षभरातली काही कामे परवानाधारक मालकाला स्वतः करता येतात : तेल बदलणे, टायर बदलणे, स्पार्क प्लग साफ करून त्यांची फट जुळवणे, बॅटरी भरणे किंवा बदलणे. प्रत्येक कामाची सही व परवाना क्रमांकासह लॉगबुकात नोंद हवी. तेल बदलताना जुना फिल्टर कटरने कापावा, आतला घडीदार कागद पात्याने सोडवून पसरावा आणि उन्हात तिरपा धरून पाहावा. काळसर कार्बनचे कण नेहमीचेच. चमकणारे कण दिसले तर त्यांवर लोहचुंबक फिरवावा, आणि ते चिकटले, तर पोलादाचा कुठला तरी भाग झिजतो आहे असे समजून पुढच्या उड्डाणाआधी मेकॅनिकला दाखवावेत. एवढ्या दहा मिनिटांच्या कामाने हजारो डॉलरांच्या खर्चाची चाहूल वेळीच लागते.

इंजिनाची गंगाजळी

या इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे ते पूर्ण खोलून नव्याने बांधण्यासाठी, लायकॉमिंगने २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते, अशी शिफारस केली आहे. ओव्हरहॉल, काढणे-बसवणे व किरकोळ सुटे भाग मिळून ४०,००० डॉलर धरले, तर बहुतेक जण ४०,००० ला २,००० ने भागून ताशी २० डॉलर बाजूला टाकतात आणि निश्चिंत होतात. वर्षाला ५० तास उडणाऱ्याच्या बाबतीत या गतीने २,००० तास भरायला ४० वर्षे लागतील, आणि इंजिन तोवर वाट पाहणार नाही.

लायकॉमिंगच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, वर असतो. इंजिन बंद झाले की त्यावरचे तेल हळूहळू खाली ओघळते आणि उघडा पडलेला धातू दमट हवेत गंजतो; पुढे इंजिन सुरू झाल्यावर गंजलेल्या जागा झिजत जातात. म्हणूनच ३० दिवसांत किमान एकदा, तेलाचे तापमान १६५ ते २०० अंश फॅरेनहाइट ठेवून सलग तासभर उडावे, असे कंपनी सांगते. नुसते जमिनीवर इंजिन फिरवल्याने तेलातले पाणी उडून जात नाही. उलट त्यात भर पडते. खासगी वापरात १२ वर्षांची मुदत कायद्याने बंधनकारक नाही, आणि नियमित उडणारी इंजिने ती सुखाने ओलांडतात, पण हिशेब आशेवर मांडू नये. ४०,००० ला १२ ने भागून वर्षाला सुमारे ३,३५० डॉलर स्थिर खर्चातच टाकावेत. वर्षाला १६७ तासांहून अधिक उडणाऱ्यानेच ताशी २० चा हिशेब धरावा.

विमान घेतानाच इंजिनावर १,२०० तास झाले असतील, तर उरलेल्या ८०० तासांत सगळी रक्कम जमवायची म्हणजे ताशी ५० डॉलर पडतील. अशा विमानाची किंमत तेवढी कमी असायला हवी, आणि वाचलेला फरक पहिल्याच दिवशी गंगाजळीत जायला हवा. तो बहुतेकांच्या हातून नव्या रेडिओवर जातो, आणि मग चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

उडण्याचा ताशी खर्च

हे गणित सोपे आहे. इंधन ताशी ८ गॅलन, दर ६.५० डॉलर धरला तर ५२. फिल्टर असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि कसेही असले तरी चार महिन्यांनी तेल बदलायचे, मध्ये भर घालायची, ताशी ४. टायर, ब्रेक, दर ५०० तासांनी मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या उपकरणाची) तपासणी, काही उपकरणे चालवणारा व्हॅक्यूम पंप यांसाठी १४. एकूण ७०.

इंधनाबाबत एवढेच सांगतो की, १०० एलएल हे शिसेयुक्त पेट्रोल जाण्याच्या मार्गावर आहे. कॅलिफोर्नियात २०३१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी येणार आहे. ई२डी इंजिन मुळात ८० ऑक्टेनसाठी बनलेले असल्याने योग्य पूरक प्रमाणपत्र घेऊन त्यात इथेनॉलविरहित साधे पेट्रोलही चालते. असे पेट्रोल जवळ मिळत असेल, तर या जुन्या मॉडेलचा तो मोठा गुण आहे.

बेरीज, भाडे आणि भागीदारी

हँगर ४,२००, विमा १,५००, ॲनुअल ३,५००, उपकरण-तपासणी २५०, वर्गणी ५००, कर ८०० आणि इंजिन ३,३५० : स्थिर खर्च १४,१०० डॉलर. त्यावर ताशी ७०. वर्षाला ५० तास उडाल्यास एकूण १७,६००, म्हणजे ताशी ३५२. १०० तासांना २११. १५० तासांना १६४. कर्ज काढले असेल तर व्याज वेगळे.

तेच विमान इंधनासह ताशी १८० डॉलर भाड्याने मिळत असेल, तर भाड्यातून ताशी ७० वजा जाता ११० उरतात, आणि १४,१०० भागिले ११० या गणिताने वर्षाला सुमारे १२८ तास उडाल्यावर मालकी भाड्याच्या बरोबरीला येते. तुलना करताना घड्याळ एकच असल्याची खात्री करावी, कारण भाडे सहसा हॉब्ज मीटरवर, म्हणजे घड्याळाच्या वेळेवर, लागते, तर देखभालीचे तास इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या टॅकोमीटरवर मोजतात, आणि त्याच उड्डाणाचे टॅक तास कमी भरतात. आपण किती तास उडू याचा अंदाज मनाने बांधू नये. गेल्या दोन वर्षांचे लॉगबुक उघडून बेरीज करावी आणि तोच आकडा वापरावा.

प्रवाशांकडून खर्च वसूल करण्याची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. खासगी वैमानिकाला प्रवाशांबरोबर इंधन, तेल, विमानतळावरचे शुल्क आणि विमान भाड्याचे असल्यास भाडे, एवढेच वाटून घेता येते, आणि आपला समान वाटा भरावाच लागतो. हँगर, विमा आणि ॲनुअल हे मालकाचेच.

खर्च खऱ्या अर्थाने कमी करायचा तर भागीदार घ्यावा. तिघांत विमान असेल तर प्रत्येकाचा स्थिर वाटा ४,७०० डॉलर, आणि भाड्याशी बरोबरी सुमारे ४३ तासांवरच होते. शिवाय विमान जास्त उडते, म्हणजे कॅमशाफ्टही कोरडा पडत नाही. करार वकिलाकडून करून घ्यावा आणि त्यात तीन बाबी स्पष्ट असाव्यात : स्थिर वाटा दर महिन्याला आणि ताशी वाटा उडालेल्या तासांप्रमाणे संयुक्त खात्यात जमा होईल, एखाद्याच्या हातून नुकसान झाल्यास विम्याने न दिलेली रक्कम तोच भरेल, आणि कोणी बाहेर पडताना गंगाजळीतला त्याचा वाटा परत मिळणार की विमानाबरोबर राहणार. तिसऱ्या बाबीवर आधी कोणीच बोलत नाही, आणि भांडणे मात्र तिच्यावरूनच होतात.