व्हॉइसमेल सर्व्हर उभा करताना: अ‍ॅस्टरिस्कच्या आधी डेबियन नीट बसवा

व्हॉइसमेलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. निरोप ठेवला होता, पण मिळालाच नाही. मेल आली, पण तिच्यातली वेळ साडेपाच तास मागची. काल दिसत असलेले निरोप मशीन रीस्टार्ट केल्यावर गायब. नवशिका लगेच डायलप्लान (कॉल कुठे वळवायचा याचे नियम) उघडतो आणि त्यात दोन दिवस घालवतो. खरं कारण बहुतेक वेळा तिथे नसतंच. ते डिस्कच्या विभागणीत, घड्याळात, फाइलींच्या मालकीत किंवा मेलच्या रांगेत सापडतं. व्हॉइसमेल हे टेलिफोनीचं काम वाटलं तरी सर्व्हरच्या नजरेतून ते छोट्या फाइली साठवण्याचं आणि मेल पाठवण्याचं काम आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिमची तयारी तेच धरून करायची असते.

उदाहरणादाखल 50 एक्स्टेन्शनचं (अंतर्गत नंबरांचं) ऑफिस, डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आणि टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क घेऊ. दोन कोअर आणि 2 जीबी रॅम पुरते. डेबियन 12 च्या भांडारात अ‍ॅस्टरिस्कचं पॅकेज नाही, त्यामुळे सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधावं लागतं. दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती निवडा, म्हणजे 20 किंवा 22. डेबियन बसवताना डेस्कटॉप घेऊ नका. एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) आणि मूलभूत साधनं पुरेशी आहेत.

आधी डिस्कचा हिशोब. फोनचा आवाज 8 किलोहर्ट्‌झ, 16 बिट, मोनो असा साध्या वेव्ह फाइलमध्ये ठेवला तर मिनिटाला सुमारे 960 केबी लागतात. जीएसएम किंवा वेव्ह49 या दाबून साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये तेच मिनिट 100 केबीच्या आत बसतं. नमुन्याच्या व्हॉइसमेल.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये फॉरमॅटच्या ओळीवर तिन्ही नावं असतात: वेव्ह49, जीएसएम, वेव्ह. ती ओळ तशीच सोडली तर प्रत्येक निरोप तीनदा साठवला जातो. मिनिटाला 1.16 एमबी धरा. निरोपाची मर्यादा 2 मिनिटं आणि मॅक्सएमएसजी (निरोपांच्या संख्येची मर्यादा) 30 ठेवलं, तर 50 जणांचे 3000 मिनिटं, म्हणजे सुमारे 3.5 जीबी. हे गणित करून बरेच जण थांबतात, पण मॅक्सएमएसजी ही मर्यादा माणसामागे नसून फोल्डरमागे आहे. इनबॉक्स, ओल्ड, वर्क, फॅमिली, फ्रेंड्स असे पाच फोल्डर भरले की आकडा 17 जीबीच्या पुढे जातो. तिथे 20 जीबीची जागा काठावर येते. फक्त वेव्ह49 ठेवलं तर सगळं दीड जीबीत आटोपतं. आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, पण निरोप समजायला अडचण येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: रेकॉर्डिंग पुरावा म्हणून जपायचं नसेल तर वेव्ह49 एकटंच ठेवा.

ही जागा रूट विभाजनात (मुख्य विभागात) ठेवू नका. /व्हार/स्पूल/अ‍ॅस्टरिस्क साठी एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटणारी सोय) वेगळा व्हॉल्यूम करा, त्यावर एक्स्ट4 फाइलसिस्टिम घाला आणि एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या विभागांची यादी) यूयूआयडीने (विभागाच्या ओळख क्रमांकाने) नोंदवा. एक्स्ट4 मध्ये मुळात 5 टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवलेली असते. अ‍ॅस्टरिस्क रूट म्हणून चालत नसल्यामुळे 20 जीबीतला 1 जीबी त्याला कधीच मिळत नाही. ट्यून2एफएस वापरून ही राखीव जागा 1 टक्क्यावर आणा. जागा संपली तरी फोन लागतो, बीप वाजते, माणूस मनापासून बोलतो आणि मागे राहते शून्य बाइटची फाइल. म्हणून 80 टक्के भरल्यावर इशारा देणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) पहिल्याच दिवशी टाका.

वेगळा व्हॉल्यूम केला की आणखी एक काळजी घ्यावी लागते. बूट होताना तो माउंट झाला (जोडला गेला) नाही आणि अ‍ॅस्टरिस्क तरीही सुरू झालं, तर निरोप खालच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे रूट विभाजनात लिहिले जातात. नंतर व्हॉल्यूम माउंट झाला की ते त्याच्याखाली झाकले जातात. गायब झालेल्या निरोपांचं रहस्य पुष्कळदा हेच असतं. सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर या ओळीत हा मार्ग लिहिला की माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होत नाही.

आता बांधणी. सोर्सच्या कॉन्ट्रिब/स्क्रिप्ट्स मध्ये इन्स्टॉल_प्रीरेक नावाची स्क्रिप्ट आहे. तिला इन्स्टॉल हा शब्द देऊन चालवली की लागणाऱ्या लायब्ररी येतात. मग कॉन्फिगर आणि मेन्यूसिलेक्ट (घटक निवडण्याची यादी). मेन्यूसिलेक्टमध्ये व्हॉइसमेलचे तीन प्रकार दिसतील: साध्या फाइलींचा, आयमॅपचा (मेल सर्व्हरवर साठवणारा) आणि ओडीबीसीचा (डेटाबेसमध्ये साठवणारा). एका वेळी एकच लोड करायचा असतो, आणि नवख्याने साध्या फाइलींचाच घ्यावा. फाइल डोळ्यांनी दिसते, कॉपी करता येते, बिघाड शोधता येतो. कंपायलरच्या पर्यायांत बिल्ड_नेटिव्ह सुरू असेल तर आभासी मशीनसाठी तो बंद करा. सुरू राहिला तर प्रोग्राम त्याच प्रोसेसरसाठी बांधला जातो. होस्टिंगवाल्याने मशीन जुन्या प्रोसेसरवर हलवलं की अ‍ॅस्टरिस्क ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून सुरू होताच पडतं. मेक सॅम्पल्स ही आज्ञा फक्त पहिल्या बसवणीत द्या. चालू सर्व्हरवर दिली तर तुमच्या कॉन्फिग फाइलींच्या जागी नमुने येऊन बसतात. सोर्सवरून बांधलेलं अ‍ॅस्टरिस्क डेबियनच्या आपोआप होणाऱ्या अपडेटमध्ये येत नाही, हेही ध्यानात ठेवा. सुरक्षा दुरुस्त्या तुम्हालाच आणून पुन्हा बांधाव्या लागतात.

मालकीचा घोळ सगळ्यांत जास्त छळतो. अ‍ॅस्टरिस्क नावाचा सिस्टिम युजर आधी बनवा, अ‍ॅस्टरिस्क.कॉन्फमध्ये रनयुजर आणि रनग्रुप भरा, आणि /व्हार/लिब, /व्हार/लॉग, /व्हार/स्पूल व /ईटीसी खालच्या अ‍ॅस्टरिस्कच्या डिरेक्टरी त्याच्या नावावर करा. गडबड होते ती चाचणीत. घाईत कुणीतरी रूट म्हणून अ‍ॅस्टरिस्क चालवून पाहतो आणि दोन निरोप ठेवतो. तेवढ्यात 1001 चा इनबॉक्स रूटच्या मालकीचा होतो. पुढे सर्व्हिस नीट चालते, 1002 चे निरोप येतात, 1001 चे मात्र येत नाहीत. एकाच एक्स्टेन्शनची तक्रार असेल तर आधी त्या डिरेक्टरीचा मालक पाहा.

पिनचंही तसंच. वापरणाऱ्याने फोनवरून पिन बदलला की अ‍ॅस्टरिस्क तो मुळात व्हॉइसमेल.कॉन्फमध्येच लिहू पाहतं. लिहिण्याची परवानगी नसेल तर बदल टिकत नाही. पासवर्डलोकेशन ला स्पूलडिर दिलं की पिन त्या माणसाच्या व्हॉइसमेल डिरेक्टरीत वेगळ्या फाइलमध्ये राहतो आणि कॉन्फिगला हात लागत नाही. पिन एक्स्टेन्शनचाच आकडा ठेवू नका. व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावायची सोय, म्हणजे डायलआउट आणि कॉलबॅक, बंदच ठेवा. सोपा पिन आणि उघडा डायलआउट एकत्र आले की रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं.

एक निरोप प्रत्यक्ष उघडून पाहण्यासारखा आहे. इनबॉक्समध्ये एमएसजी0000 नावाची आवाजाची फाइल आणि तिच्या जोडीला त्याच नावाची टेक्स्ट फाइल असते. टेक्स्टमध्ये कॉलर आयडी, तारीख, वेळ आणि सेकंदांत लांबी लिहिलेली असते. निरोप हाताने पुसायचाच असेल तर दोन्ही फाइली काढा. वेव्ह49 ची फाइल डिस्कवर मोठ्या लिपीतल्या ‘वेव्ह’ विस्ताराने लिहिली जाते, साधी वेव्ह छोट्या लिपीतल्या. लिनक्सला या दोन वेगळ्या फाइली आहेत. पण बॅकअप एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर घेतला तर तिला दोन्ही नावं एकच वाटतात आणि एक फाइल दुसरीवर बसते. बॅकअप टार करूनच (एका फाइलीत बांधूनच) न्या, सोबत /ईटीसी/अ‍ॅस्टरिस्क घ्या.

घड्याळाचं काम छोटं आहे. घड्याळ जुळतं ठेवणारं क्रोनी बसवा, सर्व्हरची वेळ एशिया/कोलकाता करा आणि व्हॉइसमेल.कॉन्फच्या झोनमेसेजेस भागात त्याच नावाचा झोन लिहा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला की सुरुवातीला सांगितलेला साडेपाच तासांचा फरक पडतो.

मेलसाठी पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर फक्त पुढे पाठवणारा म्हणून बसवा. बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं 25 नंबरचं पोर्ट बंद ठेवतात, म्हणून तुमच्या मेल सेवेच्या 587 वर युजर-पासवर्ड देऊन रिले करा. सर्व्हरला पूर्ण डोमेनचं नाव द्या, आणि पाठवणारा पत्ता त्या सेवेला मान्य असलेलाच ठेवा. नाहीतर मेल स्पॅममध्ये जाते. जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना एक तृतीयांशाने फुगते: 2 मिनिटांची साधी वेव्ह अडीच एमबीच्या पुढे जाते. मेलमध्ये फॉरमॅटच्या ओळीतला पहिला फॉरमॅट जातो, म्हणून वेव्ह49 पहिलं असावं. मेल येत नसेल तर अ‍ॅस्टरिस्कच्या लॉगआधी मेलक्यू (मेलची रांग) पाहा.

फायरवॉलमध्ये सिपसाठी (कॉल जोडणारा प्रोटोकॉल) यूडीपी 5060 आणि आवाजासाठी आरटीपी.कॉन्फमधली रेंज, नमुन्यात 10000 ते 20000, उघडा. 5060 शक्यतो ठरावीक पत्त्यांनाच. आवाजाची रेंज बंद राहिली तर कॉल लागतो, निरोप मात्र उमटत नाही, आणि लॉगमध्ये ‘नो ऑडिओ अव्हेलेबल’ अशी ओळ येते. ती दिसली की फायरवॉल आणि राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या पॅकेटांत फेरफार करणारी सोय) तपासा. नुसती शांतता रेकॉर्ड होत असेल तर मॅक्ससायलेन्स (किती शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबतं) आणि मिनसेकंद (निरोपाची किमान लांबी) पाहा. मॅक्ससायलेन्स मिनसेकंदापेक्षा कमी असावं, नाहीतर रिकामे निरोप साठतात.

मराठी सूचना हव्या असतील तर त्या स्वतः रेकॉर्ड कराव्या लागतात. नुसता अनुवाद पुरत नाही. अ‍ॅस्टरिस्क तुकडे इंग्रजीच्या क्रमाने जोडतं: ‘यू हॅव’, संख्या, ‘न्यू’, ‘मेसेजेस’. पहिल्या तुकड्यात ‘तुमच्याकडे आहेत’ भरलं तर वाक्य ओढूनताणून वाटतं. ‘तुमच्यासाठी आलेले’ म्हणा, पुढे ‘तीन – नवीन – निरोप’ सहज जुळतं. इंग्रजी पद्धतीत विसाच्या पुढची संख्या दोन तुकड्यांत बोलली जाते, म्हणून तेवीसऐवजी ‘वीस तीन’ ऐकू येतं. मॅक्सएमएसजी 20 वर ठेवून आणि तारीख-वेळ वाचणारा एन्व्हलप बंद करून हा प्रश्न बराचसा टळतो.

शेवटची चाचणी लॉगिन न करता घ्या. मशीन रीबूट करा, एसएसएचला हात लावू नका, बाहेरच्या मोबाइलवरून फोन करून 20 सेकंदांचा निरोप ठेवा. फोनचा दिवा लागला, मेल आली, तिच्यातली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळली आणि जोडलेली फाइल मोबाइलवर वाजली, की मगच 50 जणांचे एक्स्टेन्शन भरायला घ्या.