दम्याची तयारी मे महिन्यातच करावी

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि घरातील भिंती, गाद्या व कपाटे यांत ओल मुरते. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्या घराने या ओलीचा विचार मे महिन्यातच करायला हवा. कारण दम्याच्या प्रतिबंधक औषधाचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात आणि धाप लागल्यावर धावपळ करणाऱ्याच्या हाती तेवढा वेळ नसतो.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. बुरशी, धूळ, धूर किंवा साधी सर्दी झाली की ही सूज वाढते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि छातीतून घरघर ऐकू येते. साल्ब्युटामॉलचा फवारा आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, परंतु त्याचा परिणाम चार-सहा तासांत ओसरतो आणि सूज तशीच राहते. ती उतरवण्याचे काम इन्हेलरमधील स्टेरॉइड करते. म्हणून बरे वाटत असतानाही ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावे लागते. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा तात्काळ आराम देणाऱ्या फवाऱ्याची गरज पडत असेल, किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. काही रुग्णांना ही दोन्ही कामे करणारे एकत्रित औषध दिले जाते. ते कसे घ्यायचे हे मात्र ज्याचे त्याने डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती अनेक घरांत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यापायी मुलांचे फार नुकसान होते. इन्हेलरमधील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात आणि औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. औषध टाळून दमा बळावला, की स्टेरॉइडच्या ज्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांतील मात्रा याच्या कितीतरी पट असते.

औषध योग्य असूनही गुण येत नसेल, तर अनेकदा घेण्याची पद्धत चुकलेली असते. फवाऱ्याचा इन्हेलर नीट हलवावा, स्पेसरला, म्हणजे औषध क्षणभर धरून ठेवणाऱ्या पोकळ नळकांड्याला जोडावा, सावकाश पूर्ण श्वास सोडावा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत, एकदाच दाब द्यावा आणि हळूहळू, खोल श्वास आत घेऊन सुमारे दहा सेकंद रोखून धरावा. लहान मुलाला एवढे जमत नाही. त्याने स्पेसरमधून पाच-सहा वेळा नेहमीसारखा श्वास घेतला तरी चालते. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबावे. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि तसाच वाळू द्यावा. कापडाने पुसल्यास त्यात स्थिर विद्युत निर्माण होते व औषध आतल्या भिंतीलाच चिकटते.

कॅप्सूलच्या इन्हेलरची रीत याच्या उलट आहे: त्यात श्वास जोराने आणि वेगाने ओढावा लागतो. त्या उपकरणात श्वास कधीही सोडू नये, आणि कॅप्सूल वापरण्याच्या क्षणीच पाकिटातून बाहेर काढावी, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत आतील भुकटीचे गोळे होतात. स्टेरॉइड घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे उठत नाहीत.

घराची तयारी मेच्या उन्हातच उरकावी. गाद्या-उशा कडक उन्हात वाळवाव्यात, गळकी कौले शाकारून घ्यावीत आणि कपाटे भिंतीपासून थोडी दूर सरकवावीत. पुढे पावसात चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत, कारण गादीतील सूक्ष्म कीटक सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाला मरतात. ओले कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. चवथीच्या आधी माळा झाडला जातो आणि वर्षभराची धूळ खाली येते. त्या दिवशी रुग्णाने शेजारच्या घरी बसावे, हा माझा आग्रह आहे. दिवाळीत नरकासुर जाळण्याच्या पहाटेही हीच काळजी घ्यावी.

प्रत्येक खोकला दम्याचा नसतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी क्षयरोगाची थुंकी तपासणी करावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत होते. वर्षानुवर्षे चुलीचा धूर किंवा विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाला चढावावर दम लागत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यांत धुळीत काम केलेल्यांनी आपले काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ताप-खोकला झालेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत: दोन महिन्यांखालील बाळाचे 60, एक वर्षाखालील बाळाचे 50, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तीव्र झटका आला तर रुग्णाला आडवे न निजवता ताठ बसवावे आणि साल्ब्युटामॉलचा एकेक फवारा स्पेसरमधून, दर अर्ध्या ते एका मिनिटाने, जास्तीत जास्त दहा वेळा द्यावा. वाफारा देण्यात वेळ दवडू नये. एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, ऑक्सिमीटरवर प्राणवायूचे प्रमाण 92 टक्क्यांपेक्षा कमी दिसत असेल किंवा घरघर अचानक थांबूनही धाप कायम असेल, तर फवारे संपण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय दूर असल्यास जवळच्या सरकारी रुग्णालयात प्राणवायू आणि नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून देणारे यंत्र) आधी सुरू करून घ्यावेत. वाटेतही फवारे चालू ठेवावेत, आणि रुग्ण नेहमी घेतो ती सर्व औषधे सोबत न्यावीत.