वारा कुठला, पाणी कुठं

हवाई शोध-बचावात येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, शोधाचे पॅटर्न, म्हणजे विमानानं कुठल्या वाटेनं फिरत शोधायचं ते, पाठ करायचे का? करा की. बोटीचं ठिकाण बऱ्यापैकी पक्कं असेल तर वाढता चौकोन, मोठा पट्टा चाळायचा असेल तर समांतर फेऱ्या, एवढं तुम्हाला येतच असेल. त्यात सहसा कुणी अडकत नाही. मी अडकलो तो त्याच्याही आधी, बोट वाहत कुठे गेली असेल त्याचा नकाशावर ठिपका देताना.

सरावाचं गणित होतं. इंजिन बंद पडलेली मच्छीमार बोट, पावसाळी हवा, विमान पोचेपर्यंत वाहत जायला ६ तास. वारा २२५ अंश, ३० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). प्रवाह १८० अंश, १ नॉट. मी दोन्ही बाण एकाच हिशेबानं काढले आणि तिथेच मेलो. वाऱ्याचा आकडा तो कुठून येतो ते सांगतो. २२५ म्हणजे नैऋत्येचा वारा, बोट ढकलली जाणार ईशान्येला. प्रवाहाचा आकडा पाणी कुठे जातंय ते सांगतो. १८० म्हणजे दक्षिणेला. मी ते दक्षिणेकडून आणलं आणि बोट उत्तरेला नेली. ६ मैल खाली जायची ती ६ मैल वर. चूक १२ सागरी मैलांची, म्हणजे २२ किलोमीटर. ठाणे स्टेशनवरून सरळ रेषेत निघालात तर बेलापूर मागे पडेल. विमान दिवसभर घिरट्या घालून काय शोधणार होतं, कपाळ?

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातले माझे मामा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. त्यांना सांगितलं तर आधी पोटभर हसले. म्हणाले, "वारा कुठला ते विचारायचं रे, आन् पानी कुठं चाललंय ते." तीन वर्षं इंग्रजी पुस्तकं घोकली, हे घरात होतं. तेव्हापासून आकडा लिहिला की वाऱ्यापुढे 'चा' आणि प्रवाहापुढे 'ला' लिहितो. नैऋत्येचा, दक्षिणेला. बघणारे हसतात, हसू देत.

हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१६ मध्ये 'सरात' नावाचं साधन आणलं, ते वाहण्याचा हिशेब करून देतं. वापरा जरूर. पण "सॉफ्टवेअर आहे ना, हातानं कशाला?" म्हणणाऱ्या गुरूपासून चार हात लांब राहा. त्यात वाहणाऱ्या वस्तूचा प्रकार तुम्हीच निवडणार. उलटलेली बोट पाण्यात खोल बसते, वारा तिला फारसा धरत नाही. रिकामा तराफा पळत सुटतो. निवड चुकली की उत्तरही तेवढ्याच आत्मविश्वासानं चुकीचं येतं.

घाबरू नका, पहिल्या वर्षी हे बहुतेकांचं होतं. फक्त कागदावर होऊ दे.

विमानाच्या खिडकीतून समुद्र न्याहाळायचं काम मात्र कुणी नीट शिकवत नाही. खवळलेल्या समुद्रात हजारो पांढरे फेस, आणि पाण्यातलं डोकं नारळाएवढं. फेऱ्यांमधलं अंतर कमी करावंच लागतं, मग तेवढ्याच इंधनात निम्मंशिम्मं क्षेत्र होतं. नजर एका जागी रुतवू नका, टप्प्याटप्प्यानं सरकवा. फेस विरतो, वस्तू राहते. शंका आली तर त्याच जागी पुन्हा बघा. आणि ओकारी येणार. मला पहिल्या खेपेला तीनदा आली. पिशवी डाव्या मांडीखाली दाबून ठेवतो, म्हणजे ती शोधायला नजर खिडकीवरून काढावी लागत नाही.