कार्बन टिपणाऱ्या मेंब्रेनचे आकडे कसे तपासावेत

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण 12 ते 15 टक्के असतो, बाकीचा बहुतेक नायट्रोजन असतो आणि शिवाय पाण्याची वाफही असते. म्हणून नव्या मेंब्रेनची, म्हणजे या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणाऱ्या पातळ पडद्याची, चाचणी शुद्ध वायूंवर झाली की दमट मिश्रणावर, हे सर्वांत आधी पाहावे.

त्यानंतर एकक तपासावे. बॅरर या एककातील पारगम्यता (वायू पदार्थातून किती सहज पार होतो) हा पदार्थाचा गुणधर्म असतो, तर संयंत्राला लागणारा जीपीयूमधील आकडा (प्रत्यक्ष थरातून वायू किती वेगाने जातो) ही पारगम्यता मायक्रॉनमधील जाडीने भागल्यावर मिळतो. म्हणजेच 100 बॅररच्या पदार्थाचा 50 मायक्रॉन जाडीचा थर जेमतेम 2 जीपीयू देतो आणि 0.1 मायक्रॉनचा निर्दोष थर 1000 जीपीयू देतो. खरी कसोटी असा पातळ थर छिद्रे न पडता बनवण्यातच आहे.

पारगम्यता वाढली की निवडक्षमता (एक वायू दुसऱ्याच्या तुलनेत किती जास्त पार होतो) घटते; पॉलिमर-शास्त्रज्ञ लॉइड रोबसन यांनी 1991 मध्ये मांडलेली आणि 2008 मध्ये सुधारलेली या दोहोंची मर्यादारेषा ओलांडल्याचा दावा दिसला, तरी लगेच हुरळून जाऊ नये. दाबाचे गणित स्वतः करून पाहावे: धुरात 13 टक्के कार्बन डायऑक्साइड असेल आणि मेंब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबांचे गुणोत्तर 5 असेल, तर निवडक्षमता कितीही वाढवली तरी पलीकडच्या वायूत त्याचे प्रमाण 13 × 5, म्हणजे 65 टक्क्यांच्या वर जाणार नाही. दाब वाढवायचा तर कॉम्प्रेसरची वीज त्याच केंद्रातून जाते, आणि हा खर्च शोधनिबंधात बहुधा शेवटच्या परिच्छेदात उरकलेला असतो.

मेंब्रेन काचसदृश पॉलिमरचे (काचेसारख्या कडक अवस्थेतील प्लास्टिकचे) असल्यास नमुन्याचे वय नोंदवले आहे का, हेही पाहावे, कारण पातळ थराची पारगम्यता काळानुसार घटत जाते.