गिझर उघडायचा तर असा उघडा

ठाण्यात कासारवडवलीला आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरत नाही. टाकीत बोअरवेल आणि टँकरचं पाणी येऊन पडतं, आणि हे क्षाराचं पाणी गिझरच्या मुळावर उठतं. तापलं की त्यातल्या विरघळलेल्या बायकार्बोनेटचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि पांढरा थर कॉइलवर चढत जातो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी बॉयलर सांभाळत नोकरी केली. तिथे क्षार साचला की इंधन जास्त लागायचं, कारण उष्णता धुराड्यातून निघून जाते. गिझरचं तसं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली, तिची उष्णता जाणार कुठे? त्यामुळे ‘क्षाराने बिल दुप्पट होतं’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं फार मनावर घेऊ नका. खरं नुकसान निराळं आहे. थराखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस फुटते. तळाशी गाळ साचतो आणि तेवढं गरम पाणी कमी मिळतं. पाणी तापताना आतून तडतड ऐकू आली की उघडायची वेळ झाली. वॉरंटी चालू असेल तर मात्र हात लावू नका, कंपनीचाच माणूस बोलवा.

आमच्याकडे 15 लिटरचा, 2000 वॉटचा उभा गिझर आहे. रात्री बटण बंद केलं की सकाळपर्यंत पाणी निवतं. कामाला लागताना बाथरूमच्या बटणावर भरवसा नको, बोर्डावरचा एमसीबी पाडायचा. झाकण काढलं की टेस्टर लावून वायरी मेलेल्या आहेत ना हे बघायचं. कोणती वायर कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

मग गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून खाली बादली ठेवा आणि दोन्ही कनेक्शन पाइप सोडा. गरमचा पाइप सोडल्याशिवाय आत हवा शिरत नाही आणि पाणी उतरत नाही. गारच्या तोंडाशी असलेला सेफ्टी व्हॉल्व्हही काढावा लागतो, कारण तो पाणी उलटं येऊ देत नाही.

आता वायरी सोडवून थर्मोस्टॅट ओढून काढा आणि फ्लँजचे, म्हणजे कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या चकतीचे, नट समोरासमोरचे असे आळीपाळीने सैल करा. कॉइलबरोबर मॅग्नेशियमची कांडीही बाहेर येईल. टाकीच्या पोलादाऐवजी ही कांडी झिजते, तेच तिचं काम. झिजून आतली तार दिसायला लागली असेल तर नवी घाला. कांडी चांगली असली तरी आधी सोडवून बाजूला ठेवा, कारण पुढच्या आंबट पाण्यात ती विरघळते.

एक लिटर कोमट पाण्यात साधारण 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, टाकून त्यात कॉइल बुडवा. टर्मिनल, म्हणजे वायरी जोडायची टोकं, मात्र कोरडे राहायला हवेत. बुडबुडे थांबले की उरलेला थर लाकडी पट्टीने सुटतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, ते धातूच खातं. टाकीतला गाळ हाताने काढून पाणी ओतून धुवा. आत लोखंडी काही घासू नका, टाकीच्या आतल्या मुलाम्याला तडा गेला की टाकी गंजलीच.

फ्लँजखालचं गॅस्केट, म्हणजे पाणी गळू न देणारं रबरी कडं, दरवेळी नवं. जुन्या मॉडेलचं जांभळी नाक्याकडच्या दुकानांत शोधायचं असेल तर जुनं खिशात घेऊनच जा. सगळं बसवलं, पाइपांना टेफ्लॉन टेप गुंडाळली, की अँगल कॉक उघडा आणि गरम पाण्याचा नळ सोडून ठेवा. सुरुवातीला फुसफुस होईल. धार एकसारखी लागली की टाकी भरली. त्याआधी बटण दाबलंत तर कोरडी कॉइल जळणार. फ्लँज टिपतोय का ते वीज बंद असतानाच तपासा. फोटो बघून वायरी लावा, अर्थिंगची आधी. तीच सैल असेल किंवा सॉकेट काळं पडलं असेल तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं.

सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी तापताना थोडं टिपतो म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला बूच मारायला सांगितलं होतं. मी हात जोडले. 25 अंशांचं 15 लिटर पाणी 60 अंशांवर गेलं की जवळजवळ 200 मिलिलिटरने फुगतं, तेवढं बाहेर यायलाच हवं. बुचाने दाब टाकीवर येईल, आणि टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर तो आधीच जास्त असतो: दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. व्हॉल्व्हला बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. गिझर गार असतानाही टिपत असेल तरच बदला.