दुकानातल्या मोबाइल पेमेंटमध्ये फसवणूक झाली, तर भुर्दंड कोणाला? या चुका टाळा

माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. दिवाळीच्या गर्दीत एका गिऱ्हाइकाने २,३४० रुपयांचा माल घेतला, मोबाइलवरची हिरवी खूण दाखवली आणि निघून गेला. रात्री हिशेब जुळेना. दुसऱ्या दिवशी बँकेत उत्तर मिळालं, "व्यवहारच झालेला नाही, परत काय करणार?" फार लागलं मनाला, पण बँकेचं म्हणणं बरोबर होतं. खोट्या अ‍ॅपमधली खूण म्हणजे पेमेंट नव्हे. असं नुकसान दुकानदाराच्याच माथी येतं, मार्ग उरतो तो पोलिसांत तक्रारीचा.

म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल बघून माल देऊ नका. आपल्या अ‍ॅपमध्ये नोंद दिसली पाहिजे. साउंडबॉक्सवर विसंबत असाल तर रक्कम नीट ऐका. शेजारच्या टपरीचा बोललेला आवाज आपलाच समजून माल दिल्याची उदाहरणं आमच्याच बाजारात आहेत.

स्कॅनरवर दुसराच क्यूआर कोड चिकटवला गेला तर काय? जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रात्रीतून दुकानांचे आणि पेट्रोल पंपाचे कोड बदलले गेले होते. यात गिऱ्हाइकाने स्वतःच्या पिनने पैसे पाठवलेले असतात, त्यामुळे बँकेच्या लेखी तो मंजूर व्यवहार. माल गेला, पैसे तिसऱ्याला. मामा आता शटर उघडलं की आधी स्कॅनरच्या कडेवरून नख फिरवतात. वर दुसरा कागद असेल तर लगेच लागतो. गिऱ्हाइकानेही पिन टाकण्याआधी वर येणारं नाव मोठ्याने वाचावं. एवढ्याने दोघंही वाचतात.

गिऱ्हाइकाच्या बाजूची सर्वांत महागडी चूक म्हणजे उशीर. आपण केलाच नाही असा व्यवहार खात्यात दिसला, तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये आणलेला नियम आपल्या बाजूने आहे. चूक बँकेची असेल तर आपल्यावर काहीच बोजा नाही. चूक ना बँकेची ना आपली, मधल्याच कुठल्या तरी व्यवस्थेची असेल, तर मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की पूर्ण रक्कम परत. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. कामकाजाचे चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा तोटा आपला. त्यापुढे बँकेचं स्वतःचं धोरण. बँकेतर कंपन्यांच्या वॉलेटसाठी असाच नियम जानेवारी २०१९ मध्ये आला. तिथे मुदत नुसती 'तीन दिवस' अशी आहे, म्हणून रविवारही मोजूनच चाला.

ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजून गप्प बसण्याचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेवर आहे, हे काउंटरवर ठामपणे सांगा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला की झालं, असं समजू नका. त्याने पैसे पुढच्या खात्यात गोठवायला मदत होते. बँकेला किंवा वॉलेट कंपनीला वेगळं कळवून तक्रार क्रमांक घ्यायचा. बँकेचा किंवा कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे ठगांचेच नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागचा किंवा अ‍ॅपमधला घ्या.

पैसे कापले पण दुकानदाराला पोहोचले नाहीत, ही फसवणूक नव्हे. यूपीआयने दुकानात दिलेले असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून घाबरून दुसऱ्यांदा पैसे देण्याआधी व्यवहाराची स्थिती बघा.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे पहिली विचारणा होते ती बँकेकडे केलेल्या तक्रारीच्या तारखेची आणि क्रमांकाची.